पायाची निगा : मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि मन

पावलाच्या कातडीपासून हाडापर्यंतच्या तक्रारींची तपासणी व उपचार करणारी शाखा म्हणजे पदचिकित्सा. दवाखान्यात तिला पोडियाट्री म्हणतात. घट्टे तासणे, कुरूप काढणे, मांसात रुतलेले नख सोडवणे, जखमेचे ड्रेसिंग, चपलेचा तळ बदलून घेणे ही तिची रोजची कामे. धडधाकट माणसाच्या बाबतीत ती किरकोळच. पण मज्जातंतू, रक्तवाहिन्या किंवा मन यांपैकी एखादे बिघडलेले असले, तर साध्या कुरुपापायीही बोट किंवा पाय गमवावा लागतो. ही नोंद अंबरनाथमधील मोरिवली आणि भोवतालचा उल्हासनगर-बदलापूर पट्टा समोर ठेवून केली आहे.

बधिर पाय : मज्जातंतू निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह. त्याखालोखाल कुष्ठरोग, दारू, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि हेक्झेनसारख्या काही द्रावकांशी दीर्घकाळ येणारा संबंध. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, मग सगळे शांत होते. रुग्णाला बरे वाटू लागते ते नेमके इथेच, आणि धोकाही इथूनच सुरू होतो. ‘चप्पल निसटली ते चार पावले पुढे गेल्यावर कळले’ हे वाक्य ऐकले की जाणता डॉक्टर आधी मोजे काढायला सांगतो. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून आणि १२८ हर्ट्‌झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून संवेदना तपासतात. दोन्ही मिळून पाच मिनिटांचे काम.

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत हा पाय पोलादी टोकाच्या सेफ्टी शूजमध्ये आठ तास असतो. आत गेलेला खडा किंवा धातूचा कीस टोचत नाही. संध्याकाळी मोज्यावर ओला डाग दिसतो तेव्हा कळते. म्हणून बूट घालण्याआधी उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवून पाहावा.  अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीच्या यात्रेत रांग अनवाणीच सरकते. तापलेल्या काळ्या दगडावर बधिर तळवा भाजतो आणि फोड घरी गेल्यावर सापडतो. देवाला चप्पल चालत नसली, तरी जाड मोजे चालायला हरकत नसावी. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि तिथूनच जंतू आत शिरतात. कुरुपावर लावायची औषधी पट्टी बधिर पायाला वर्ज्य, कारण तिच्यातले आम्ल चांगली कातडीही खाते.

अशा पायाची विद्या आपल्याकडे आली ती कुष्ठरोग्यांच्या सेवेतून. मुंबईचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० चे. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्याने पुन्हा पुन्हा इजा होऊन ती झिजतात. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल आणि जखमेवरचा भार वाटून देणारे प्लास्टर ही त्या काळातली साधने आज मधुमेहींना लागतात. मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. अंगठ्याची चप्पल धरून ठेवायला बोटांत जी जाणीव आणि ताकद लागते, तीच इथे गेलेली असते. कुष्ठरोग्यांच्या सेवेची ही परंपरा या भागातही आहे : कल्याण परिसरात कुष्ठरोगग्रस्तांसाठी काम करणारे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

पाऊल एकाएकी लाल, गरम होऊन सुजले आणि त्या मानाने दुखत नसले, तर तो शार्को पाय असू शकतो. आतली हाडे खचत असतात आणि रुग्ण त्यावर चालत असतो. कुणी तो संधिवात समजतो, कुणी जंतुसंसर्ग. अर्धांगवायूत पाऊल लोंबते, बोटे जमिनीला घासतात. पार्किन्सनमध्ये पाय अडखळतो. तिथे औषधाइतकाच पट्टीचा आणि फिजिओथेरपीचा आधार लागतो.

रक्त न पोचणारा पाय : रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना पोटरी धरते आणि थांबले की सुटते, ही पहिली खूण. पुढे रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले तर धमनी अरुंद झाल्याचे समजतात. मधुमेहींच्या धमन्या मात्र चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात आणि आकडा फसवा, चांगला येतो. अशा वेळी बोटातला दाब मोजावा लागतो. रक्तप्रवाह पाहिल्याशिवाय नख मुळापासून काढू नये, काळे पडलेले कोरडे बोट पाण्यात भिजवू नये. विडी ओढणाऱ्या तरुणांना होणाऱ्या बर्गर रोगात तंबाखू सुटली नाही तर बाकी उपचार वाया जातात. दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या फुगलेल्या शिरांमुळे घोट्याच्या आतल्या बाजूला होणारी जखम वेगळी. ती घट्ट पट्टी बांधल्याने भरते. हीच पट्टी धमनी बंद असलेल्या पायाला बांधली तर पाय जातो.

मन : पाठ्यपुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात, आणि ते चूक आहे. दुखत नाही तो पाय पाहायचा कुणी, तर मालकाने; आणि त्यालाच पाहावेसे वाटत नसेल तर? लंडनमध्ये पायाला पहिल्यांदा जखम झालेल्या मधुमेहींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश जणांना नैराश्य होते, आणि दीड वर्षात त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट निघाले. छिन्नमनस्कतेवरच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. त्यात विडी-सिगारेटची भर. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बूट चावतो असे सांगत नाही, चालायचे टाळतो किंवा चिडतो. सतत पाय धुण्याचा मंत्रचळ असलेल्याची बेचकी पावसाळ्याविनाच ओली राहते.

अशा रुग्णाला थेट खुर्चीत बसवून ब्लेड काढू नये. पहिल्या भेटीत नुसते पाय धुवावेत, हत्यार त्याच्या हातात देऊन पाहू द्यावे, नखे दुसऱ्या खेपेला. तळवे रोज कोण बघणार, सून की शेजारी, ते नावानिशी केसपेपरवर लिहून घ्यावे. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मनाच्या उपचारांसाठी ठाण्याचे मनोरुग्णालय. पायासाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ. बोट काळे पडले, जखमेला वास आला किंवा लाली घोट्याकडे चढू लागली, तर त्याच दिवशी निघावे, मग शिफ्ट कुठलीही असो.