सानूरची वाळू

बाली बेटावर समुद्रस्नान, मेजवान्या आणि रात्रीच्या नाचगाण्यांसाठी जगभरातून माणसे येतात. ‘शांत, कलासक्त बाली’ ही प्रतिमा मात्र कोणत्या जमिनीवर उभी राहिली, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

१९०४ साली सानूरजवळ एक गलबत फुटले. त्याच्या लुटीचे निमित्त करून सप्टेंबर १९०६ मध्ये डच फौज त्याच वाळूवर उतरली. २० तारखेला बडुंगचा राजा शुभ्र वस्त्रे नेसून, बायकामुलांसह देनपसारच्या वाड्यातून निघाला आणि बंदुकांना सामोरा गेला. बालीत या मरणाला ‘पुपुतान’ म्हणतात. आपल्याला राजपुतांचा साका आठवेल. शेकडो माणसे पडली. बावीस वर्षांनी, १९२८ मध्ये, त्याच देनपसारात डच जहाज कंपनीचे ‘बाली हॉटेल’ उघडले. पाहुण्यांपुढे नृत्ये होऊ लागली.

पुढचा अध्याय अधिक भीषण. डिसेंबर १९६५ पासून काही महिन्यांत, कम्युनिस्ट ठरवून, बेटावर सुमारे ८०,००० माणसे मारली गेली असा अंदाज आहे. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते. १९६६ संपण्यापूर्वी सानूरला जपानी युद्धभरपाईतून बांधलेले दहा मजली ‘बाली बीच हॉटेल’ सुरू झाले. माडाहून उंच इमारत नको, हा नियम त्यानंतरचा!

१२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री कुटाच्या नाइटक्लबांत बाँबस्फोट झाले. त्यातील २०२ मृतांची नावे तेथील स्मारकावर कोरली आहेत. पुपुतानचे स्मारक देनपसारच्या मैदानात आहे. १९६५ च्या मृतांसाठी देनपसारातल्याच एका कुटुंबाने आपल्या घराच्या आवारात लहानशी बाग केली आहे.