अर्जुनी मोरगावची तलावाकाठची सायकल सफर

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात समुद्र नाही. पण पाण्याकाठची दिवसभराची सायकल सफर मात्र करता येते. या सफरीचे मुख्य टप्पे दोन: नवेगावबांध तलाव आणि इटियाडोह धरण.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. पूर्व विदर्भातील धानशेती अशा तलावांवरच उभी राहिली. कोहळी समाज त्यांच्या बांधणीसाठी ओळखला जातो. तलावाभोवती डोंगर आणि जंगल असून हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी उतरतात. वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्ली यांनी येथे वनाधिकारी म्हणून काम केले.

गाढवी नदीवरील इटियाडोह धरण हे त्याच गरजेचे आधुनिक रूप. त्याचे पाणी गडचिरोली जिल्ह्यातील शेतीलाही मिळते. जवळच गोठणगाव येथे 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे.

सफरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परिसरात वाघ, बिबट आणि अस्वल यांचा वावर असल्याने सार्वजनिक रस्ता सोडू नये, एकट्याने जाऊ नये आणि अंधार पडण्याआधी गावात परतावे. पिण्याचे पाणी आणि पंक्चर काढण्याचे साहित्य सोबत असावे.