जोतीराव गोविंदराव फुले : एका नावाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

ताम्रपट, बखरी आणि दफ्तरातील कागदपत्रे यांची चिकित्सा करणारा अभ्यासक त्या कागदावरील व्यक्तिनामाकडे बहुधा केवळ ओळखीची खूण म्हणून पाहतो. वस्तुतः महाराष्ट्रातील त्रिपदी नाव हा एक लहानसा सामाजिक दस्तऐवजच असतो. पहिल्या पदात कुटुंबाची श्रद्धा, दुसऱ्यात पितृकुळ, तर तिसऱ्यात गाव, वतन वा व्यवसाय यांची नोंद असते. प्रस्तुत लेखात महात्मा फुले (१८२७–१८९०) यांच्या नावाचा या दृष्टीने विचार केला आहे. हेच नाव निवडण्यास विशेष कारण आहे. नावांच्या व्युत्पत्तीतून बहुजनांचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न स्वतः फुले यांनी केला. आणि आज त्यांचेच नाव त्यांनी लिहिले तसे न लिहिण्याचा प्रघात पडला आहे.

‘जोती’ : दैवत आणि नाव

कोल्हापूरच्या उत्तरेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे स्थान असून चैत्र पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. फुले यांचा जन्म या यात्रेच्या दिवशी झाला म्हणून त्यांचे नाव जोती ठेवले, असे परंपरेने सांगितले जाते. ११ एप्रिल १८२७ ही रूढ जन्मतारीख चैत्र पौर्णिमेच्या सुमारासच येते, त्यामुळे ही परंपरा कालगणनेशी सुसंगत ठरते. मात्र तिथीवरून नाव ठेवले गेले की नावावरून पुढे तिथी निश्चित झाली, हे केवळ या जुळणीने सिद्ध होत नाही.

शब्ददृष्ट्या ‘जोती’चे मूळ संस्कृत ‘ज्योतिस्’ या शब्दात आहे. आरंभीच्या जोडाक्षराचे सुलभीकरण ही प्राकृताची स्वाभाविक प्रवृत्ती होय. ‘ज्येष्ठ’पासून ‘जेठ’ झाला तो याच नियमाने. त्याला वडीलधाऱ्यासाठी वापरला जाणारा ‘बा’ जोडला गेला की ‘जोतिबा’ हे लोकदैवताचे नाव सिद्ध होते. खंडोबा, म्हसोबा, विठोबा ही याच घडणीची नावे आहेत.

१८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त फुले यांनी या दैवतनामांचा वेगळाच अर्थ लावला. म्हसोबा हा बळीराजाचा महासुभा, खंडोबा हा नऊ खंडांचा न्यायाधिकारी, आणि जोतिबा हा रत्नागिरीच्या डोंगरावर राहणारा बळीचाच एक अधिकारी, अशी त्यांची मांडणी आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या व्युत्पत्ती टिकणाऱ्या नाहीत. परंतु त्यांचे महत्त्व भाषाशास्त्रीय नसून वैचारिक आहे. ज्या दैवताचे नाव आपण धारण केले, ते दैवत मुळात न्यायी लोकराज्याचा सेवक होता, असे सांगून त्यांनी स्वतःच्या नावालाही इतिहासात स्थान दिले.

गोऱ्हे ते फुले

चरित्रकारांच्या मते या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातील कटगुण. तेथे त्यांच्या पणजोबांकडे चौगुलकी होती. पुढे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले. आजोबा शेटिबा यांचे राणोजी, कृष्णा व गोविंद हे तीन पुत्र पुण्यात फुलांच्या व्यवसायात शिरले. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याच्या सेवेबद्दल त्यांना सुमारे ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि ‘फुले’ हे आडनाव रूढ झाले.

दोन्ही आडनावांची तुलना उद्बोधक आहे. ‘गोऱ्हे’ हे ‘गोऱ्हा’ म्हणजे बैलाचे वासरू या शब्दावरून आलेले दिसते. त्यामागे कोरडवाहू शेतीचे जग आहे. ‘फुले’ या आडनावामागे नगर, बाग व दरबार यांचे जग आहे. माळी समाजातील फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी हे भेदही पिकांवरूनच पडले आहेत. तात्पर्य, आडनाव ही अनादी वस्तू नसून स्थलांतर व व्यवसायांतर यांबरोबर एक-दोन पिढ्यांत ते पालटू शकते. पुढे राणोजींनी इनाम एकट्याच्या नावे करून घेतल्याने गोविंदरावांना त्या जमिनीस मुकावे लागले. इनाम गेले, आडनाव मात्र राहिले. सावित्रीबाईंच्या १८५४ मधील कवितासंग्रहाचे ‘काव्यफुले’ हे नाव वाचताना या आडनावाची आठवण अपरिहार्यपणे होते.

लेखनाचा प्रश्न

फुले यांनी आपल्या ग्रंथांवर ‘जोतीराव गोविंदराव फुले’ असे नाव घातले, तर अखंडांत नुसते ‘जोती’. एकोणिसाव्या शतकात ‘राव’ आणि ‘पंत’ हे उपपद वरिष्ठांना लाभे आणि श्रमिकांच्या वाट्याला ‘या’कारान्त एकेरी हाक येई. अशा काळात स्वतःच्या व वडिलांच्या नावापुढे ‘राव’ लिहिणे हा आत्मसन्मानाचा उच्चार होता. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात झालेल्या सभेत जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली.

आज मात्र पाठ्यपुस्तकांत व फलकांवर ‘ज्योतिबा’, ‘ज्योतीराव’ ही रूपे सर्रास आढळतात. ‘ज्योतिबा’ हे रूप संस्कृत जोडाक्षर व लोकभाषेतील प्रत्यय यांची कृत्रिम सांगड आहे. शुद्धतेच्या हेतूने केलेला हा बदल बोलीचे रूप अशुद्ध मानतो, आणि भाषेतील उच्चनीचतेची जी दृष्टी फुले यांना अमान्य होती तीच त्यांच्या नावावर लादतो.

समारोप

दैवताने दिलेले नाव, सेवेने दिलेले आडनाव आणि लोकांनी दिलेली पदवी असे तीन थर या एका नावात आहेत. त्यांचे वाचन करताना कौटुंबिक परंपरा, कालगणना व भाषाशास्त्र यांचा परस्परांशी पडताळा घेणे आवश्यक ठरते. आणि व्यक्तीने स्वतः स्वीकारलेले नामरूप हा अस्सल पुरावा मानायचा असेल, तर आपल्या अध्यापनात व लेखनात ‘जोतीराव’ हेच रूप वापरणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होईल.