शरणपूरची आफ्रिकी मुले आणि श्रद्धेची कसोटी

नाशिकमधील शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मगुरू विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये वसवली. ही सोसायटी म्हणजे १७९९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली अँग्लिकन पंथाची धर्मप्रसारक संस्था असून, नाशिकमध्ये तिचे काम १८३२ पासून सुरू होते. धर्मांतरानंतर जात, घर आणि उपजीविका तिन्ही एकदम तुटत असल्याने बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना राहायला जागा आणि हाताला काम देणे मिशनला भाग पडले व त्या गरजेतून ही वसाहत उभी राहिली. पुढे तिला मिळालेले वळण मात्र स्थापनेच्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारी अरबी गलबते ब्रिटिश आरमार अडवत असे आणि त्यांतून सोडवलेली अनेक मुले मुंबईत उतरवली जात. १८६० च्या सुमारास अशी मुले शरणपुरात येऊ लागली आणि तेथे ‘आफ्रिकी आश्रम’ उभा राहिला. मुलांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम व लोहारकाम शिकवले जाई. बाप्तिस्म्याच्या वेळी बहुतेकांना इंग्रजी नावे मिळत. पूर्व आफ्रिकेत पुढे ही मुले ‘नाशिकची मुले’ किंवा ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखली गेली.

या शिक्षणातून घडलेल्या माणसांची पहिली परीक्षा फारशी उजळ ठरली नाही. संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ मध्ये आपल्या अखेरच्या मोहिमेवर नाशिकची नऊ मुले बरोबर नेली. त्यांतील अनेकांनी त्यांची साथ सोडली आणि लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या रोजनिशीत त्यांच्याबद्दल कडक शब्दांत तक्रारी नोंदवल्या. बाप्तिस्मा झाला म्हणजे शील आपोआप घडते, या समजुतीला हा अनुभव पुरेसे उत्तर देतो.

दुसरी तुकडी १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्याकडे पोहोचली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व कॅरस फरार यांच्यासह नाशिकचे सहा जण होते. मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो या स्थानिक प्रमुखाच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा हुकूम देणारा एकही युरोपीय जवळ नव्हता. मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेण्याचा निर्णय सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी मिळून घेतला. हृदय व आतडी एका झाडाखाली पुरण्यात आली. त्या वेळी जेकबने अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली. मीठ लावून सुमारे दोन आठवडे उन्हात सुकवलेला देह कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून, वरून शिडाच्या कापडाचे आवरण शिवून, खांबाला बांधण्यात आला. वाटेत उन्यानयेंबे येथे भेटलेले ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कॅमेरॉन यांनी देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला, तो या मंडळींनी मानला नाही. मृतदेह पाहून पुढची गावे वाट अडवतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा खोटे प्रेत परत पाठवल्याचा देखावा करून खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधण्यात आला. सुमारे सोळाशे किलोमीटरची ही वाट तुडवून ते फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोहोचले. १८ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत झालेल्या दफनविधीत शवपेटीला हात देणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

या निष्ठेचे सारे श्रेय ख्रिस्ती शिकवणीला देणे न्याय्य होणार नाही, कारण सुसी त्या काळी ख्रिस्ती नव्हता आणि ओझी वाहणाऱ्यांतही अनेक जण ख्रिस्ती नव्हते. श्रद्धेचा स्वतंत्र ठसा अधिक स्पष्टपणे दिसतो तो मोंबासाजवळच्या रबाई येथे. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपुरात वाढलेले तरुण १८६४ पासून तेथे धर्मसेवेला लागले होते. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला आश्रयाला येत; त्यांना ठेवून घेतल्यास मालकांचा रोष आणि हल्ल्याचा धोका ओढवे आणि हा प्रश्न मिशनच्या वरिष्ठांनाही अडचणीचा वाटे. तरीही स्वतः गुलामीतून सुटलेल्या या माणसांनी पळून आलेल्यांना आसरा दिला. अखेर १८८९ च्या आरंभी मालकांना भरपाई देऊन सुमारे चौदाशे गुलामांची कायदेशीर मुक्तता करण्यात आली. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मसेवेची दीक्षा दिली होती.

दरम्यान १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासासमोर फ्रिअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, तेव्हा शरणपूरचे बहुतेक आफ्रिकी तेथे गेले आणि नाशिकचा आश्रम बंद झाला. शरणपूर मात्र मराठी ख्रिस्ती समाजाचे गाव म्हणून टिकले. १८६६ च्या तक्रारी, १८७३-७४ ची ती वाटचाल आणि रबाईचा आश्रय एकत्र ठेवून पाहिल्यास असे दिसते, की शिकवणीने या माणसांना अक्षर, कसब आणि प्रार्थना दिली, परंतु त्यांचे शील ठरले ते पाहणारा किंवा हुकूम देणारा कोणी नसताना त्यांनी काय केले यावरून, आणि आपल्याला मिळालेली सुटका दुसऱ्यालाही मिळावी म्हणून त्यांनी पत्करलेल्या धोक्यावरून. नाशिकच्या इतिहासलेखनात या माणसांना मानाचे स्थान मिळणे हा त्यांचा हक्क आहे.