कठडा कोणी राखायचा?

चाळीवरच्या मराठी लेखनाची चर्चा करताना 'गॅलरी' हा शब्द आपण सहज वापरतो. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) घ्या किंवा सई परांजपे यांचा 'कथा' (१९८३) हा चित्रपट घ्या; माणसे एकमेकांना दिसतात, भांडतात, चौकशा करतात ती या सामाईक सज्जात. समीक्षेने या जागेचे समाजशास्त्र पुष्कळ सांगितले आहे. ती माणसे ज्यावर रेलून उभी असतात त्या कठड्याकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही. घराच्या उघड्या कडेला काय लावावे, ते कसे बसवावे आणि पुढे त्याची निगा कोणी राखावी, हे प्रश्न सुतारालोहाराचे म्हणून आपण सोडून देतो. आमच्या मते यांतील तिसरा प्रश्न इतिहासाचा आहे. कठड्याच्या नक्षीच्या इतिहासापेक्षा त्याची जबाबदारी कोणाकोणाकडे गेली, हा इतिहास अधिक बोलका आहे.

आपल्या प्रदेशातला घराचा सर्वांत जुना कठडा आज पाहावयाचा तर तो दगडात पाहावा लागतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भाजे येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर सज्जे कोरले आहेत आणि त्यांना वेदिकेची किनार आहे. उभे स्तंभ, त्यांच्या खोबणीत बसणाऱ्या आडव्या सूची आणि वर टोपीसारखे उष्णीष अशी वेदिकेची रचना असते. ही जुळणी मुळात सुताराची आहे. दगडाला खोबणीची गरज नव्हती, तरी कोरणाऱ्याने लाकडाची सवय सोडली नाही. म्हणूनच नाहीशा झालेल्या लाकडी घरांचा थोडासा पुरावा आपल्या हाती राहिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका ब्राह्मी लेखात तर वेदिका ही एका भिक्षुणीचे दान असल्याची नोंद आहे आणि ती घडविणाऱ्याचेही नाव आहे. म्हणजे कठडा कोणी दिला आणि कोणी केला, हे त्या कठड्यालाच ठाऊक होते.

वाड्यांच्या काळात ही जबाबदारी एका धन्याकडे आली. पुण्याचा विश्रामबागवाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाने बांधला. त्याचा कोरीव लाकडी सज्जा आजही रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर वर खेचतो. सागवानी कठड्याची दुखणी ठरलेली असतात. कातीव खांब मधून क्वचितच जातो. तो कुजतो बुडाशी, जिथे तो खालच्या पट्टीत रुततो आणि पावसाचे पाणी थांबते. म्हणून जाणता सुतार वरची पट्टी किंचित उतरती ठेवतो, खालच्या पट्टीतून पाण्याला वाट देतो आणि लाकडाला वेळच्या वेळी तेल पाजावयास सांगतो. एक खांब सैल झाला तर तेवढाच काढून नवा बसविता येतो. वाड्याचा धनी नांदता असेल तोवर हे चालते. तो खालावला की सज्जा खालावतो.

एकोणिसाव्या शतकात बीड आले आणि चित्र पालटले. ग्लासगोच्या वॉल्टर मॅक्फार्लेन यांच्या सॅरसन फाउंड्रीसारख्या ओतशाळा जाडजूड सूचिपत्रे छापीत. त्यांतून खांब, कमानी, कठडे निवडून मागवावयाचे. म्हैसूरच्या राजवाड्यातील कल्याणमंडपाचे बिडाचे खांब याच ओतशाळेचे आहेत. लाकडाचा एक नमुना करून तो वाळूत दाबला की त्या साच्यातून हवी तितकी नक्षी ओतता येते. कारागिराची जागा पानावरच्या क्रमांकाने घेतली. कठड्याची निवड करणारा आणि तो घडविणारा यांची गाठ पडण्याचे कारण उरले नाही.

बिडाचा स्वभाव मात्र सूचिपत्रात कळत नाही. ते भार पेलते, पण ठिसूळ असते. आघात झाला तर वाकत नाही, तुटते आणि साध्या जोडकामाला सहसा दाद देत नाही. ते बसविण्याची जुनी रीत अशी, की दगडात चौकोनी खाच घ्यावयाची, खांबाचे बूड त्यात उभे करावयाचे आणि भोवती वितळलेले शिसे ओतून ते ठोकून घट्ट करावयाचे. शिसे मऊ असल्यामुळे धक्का पचविते आणि पाणी अडविते. ही सांध नीट राखली नाही, की पाणी आत शिरते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो फुगतो आणि शेवटी दगडच फोडतो. खाऱ्या हवेच्या मुंबईत म्हणूनच रंग हा शोभेचा विषय नव्हता. पावसाळ्यापूर्वी तारेच्या ब्रशने गंज काढावयाचा, त्यावर अस्तर आणि मग तैलरंग द्यावयाचा, हा क्रम होता. हे अस्तर पूर्वी शेंदराचे असे; शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मरूप अवस्था. जुन्या कठड्याचा रंग आज कोरडा खरवडू नये तो यामुळेच, कारण ती धूळ विषारी असते.

आता चाळीकडे वळू. गिरगावातल्या चाळींचे कठडे कुठे कातीव लाकडाचे, कुठे बिडाचे, कुठे नुसत्या उभ्या गजांचे. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. अशा चाळींत चौकातल्या कार्यक्रमाचे प्रेक्षागृह म्हणजे मजल्यामजल्यांवरचे कठडे. वरळी, नायगाव आदी ठिकाणच्या बीडीडी चाळींची रचना याहून वेगळी होती. तिथे खोल्या मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना होत्या, म्हणजे एकमेकांना सामोरे जाण्याची जागा आत होती. चाळ म्हटले की कठड्याचीच चाळ डोळ्यांपुढे आणणाऱ्या वाचकाने हा भेद ध्यानी ठेवावा.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. त्या कायद्याने असंख्य कुटुंबांचे छप्पर राखले, हे विसरून चालणार नाही. पण गोठलेल्या भाड्यातून कठडा रंगविणे घरमालकाला परवडेनासे झाले, किंवा तसे म्हणण्याची त्याला सोय झाली. भाडेकरूने सामाईक सज्जावर स्वतःचे पैसे का घालावेत, हाही प्रश्न रास्तच होता. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. कठडा सर्वांचा होता आणि म्हणूनच कोणाचाही नव्हता. चाळीच्या साहित्यात जिव्हाळा आणि पडझड शेजारी शेजारी का आढळतात, याचे एक उत्तर या हिशेबात आहे.

फ्लॅटमध्ये आल्यावर आपण हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. प्रत्येकाने आपापल्या गॅलरीला आपापले ग्रिल लावले. जबाबदारी निश्चित झाली. कठडा मात्र पिंजरा झाला, आणि आग लागली तर त्यातून बाहेर पडणेही कठीण. आजच्या निवडीचे नियम साधे आहेत. गज उभे असावेत, कारण आडव्या गजांवर मुले चढतात. दोन गजांमधले अंतर शंभर मिलिमीटरहून कमी असावे. समुद्राजवळ ३०४ प्रतीच्या पोलादापेक्षा मॉलिब्डेनम असलेले ३१६ बरे, आणि तेही गोड्या पाण्याने धुवावे लागते. काच घ्यावयाची तर दुपदरी, चिकटविलेली घ्यावी, म्हणजे फुटली तरी ती खाली ओघळत नाही. न गंजणारे म्हणून जे विकले जाते तेही निगेवाचून टिकत नाही.

चाळी आता पुनर्विकासात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर सामाईक कठडाही जात आहे. त्याबद्दल नुसता हळवेपणा आम्हांला पुरेसा वाटत नाही. गळक्या सज्जात राहणाऱ्याला आपल्या हळवेपणाचा उपयोग नसतो. विद्यार्थ्यांनी चाळीची कथा वाचताना त्या कठड्याला शेवटचा रंग कधी लागला असेल आणि त्याचे पैसे कोणी दिले असतील, एवढे विचारून पाहावे. पुष्कळ पात्रांचे बोलणे त्यानंतर निराळे ऐकू येईल.