गिरगावातील एक मूकपट आणि सरस्वतीबाई

भगिनींनो, मी अवघी सातवी शिकलेली; इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तरी नाताळात उत्तनच्या ख्रिस्ती मैत्रिणीकडे गव्हाणीचा देखावा पाहिला की मला गिरगावातील एक जुनी हकीकत आठवते.

१९१० च्या सुमारास तेथील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट दाखवीत असत. दादासाहेब फाळके तो पाहून भारावून गेले. ख्रिस्तचरित्र पाहता पाहता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. परधर्माचे चित्र म्हणून त्यांनी नाक मुरडले नाही. उलट पत्नी सरस्वतीबाईंनाही ते दाखविले. ही चित्रे हालतात तरी कशी, असे बाईंनी विचारले.

याचे उत्तर त्या स्वतःच्या हातांनी शिकल्या. त्यांनी आपले दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरल्या आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. बायका काम करावयास तयार होईनात, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे पुरुष! पडद्यामागे मात्र सरस्वतीबाई राबत होत्या.

लहानपणी मी असे काही विचारले की, “तुला काय करायचंय?” म्हणून मला गप्प बसवीत. आपल्या मुलींना आपण तसे बसवू नये, एवढीच विनंती.