प्रकाशाच्या वाटेवरील सांधे

पाण्याचा नळ गळतो तो बहुधा मध्यें नव्हे, सांध्यावर. हा अनुभव घरोघरींचा आहे. पाण्याच्या नळाला जें लागू, तेंच प्रकाशाच्या नळालाहि लागू आहे. मुंबईंतील आजी परदेशांतील नातवाशीं बोलते, किंवा एका गांवच्या बँकेंत भरलेली रक्कम क्षणांत दुसऱ्या गांवीं जमा होते, तेव्हां तें बोलणें आणि तो व्यवहार केंसाएवढ्या काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें धांवत असतो. या तंतूची कीर्ति पुष्कळ झाली. त्याच्या टोंकाशीं असणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या सांध्याची मात्र फारशी कोणीं वास्तपुस्त केली नाहीं. तथापि वाहिनीचें यशापयश पुष्कळ वेळां या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवर अवलंबून असतें. आणि असें कां व्हावें, हें तिचा इतिहास पाहिल्यावांचून कळत नाहीं.

प्रकाश सरळ रेषेंत जातो, हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. त्याला वळवून नेतां येतें, हें १८४१ सालीं जिनीव्हा येथें डॅनियल कोलादों यानें पाण्याच्या धारेवर दाखविलें, आणि १८५४ सालीं जॉन टिंडल यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें तसाच प्रयोग केला. धारेंतील प्रकाश पाणी व हवा यांच्या सीमेवर आपटून पुन्हां आंतच परततो, आणि धार जिकडे वळेल तिकडे जातो. पुढें शंभर वर्षांनीं, १९५४ मध्यें, पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व त्यांचे गुरु हॅरोल्ड हॉपकिन्स यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत काचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे नेलें. परंतु त्या वेळची काच मलिन होती. थोड्या अंतरांतच प्रकाश क्षीण होऊन जाई.

१९६६ मध्यें इंग्लंडांतील हार्लो येथील प्रयोगशाळेंतून चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं प्रतिपादन केलें कीं, हा दोष मूळ काचेचा नसून तिच्यांतील अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटर अंतर तोडल्यावर शंभरांतील एक भाग प्रकाश जरी उरला, तरी संदेशवहनाला तो पुरे होईल, असा त्यांचा हिशेब होता. चारच वर्षांनीं, १९७० मध्यें, अमेरिकेंतील कॉर्निंग या काचेच्या कारखान्यांत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक व पीटर शुल्ट्झ यांनीं शंभरांतील दोन भाग प्रकाश पार नेणारा तंतु काढला. आज उत्तम तंतूंत हें प्रमाण शंभरांतील पंचाण्णवांवर गेलें आहे. काओ यांना या कार्याबद्दल २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

काच अशी निर्मळ झाली, आणि तेव्हां सांध्याचा प्रश्न उभा राहिला. काचेंतच सारा प्रकाश जिरत होता, तोंवर सांध्यांत थोडा अधिक गेला तरी त्याची क्षिति नव्हती. आतां मैलोगणती तंतूंत जें गमवावें लागत नाहीं, तें एका सांध्यांत गमावण्याची वेळ आली. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराचा अष्टमांश. परंतु लांब पल्ल्याच्या तंतूंत ज्या गाभ्यांतून प्रकाश वाहतो, त्याची रुंदी अवघी नऊ मायक्रॉनच्या आसपास. मनुष्याच्या रक्तांतील तांबडी पेशीहि जवळजवळ एवढीच असते. असे दोन गाभे समोरासमोर आणावयाचे, तेहि एकदां नव्हे, तर काढून पुन्हां शेकडों वेळां. दोन तंतु वितळवून कायमचे जोडतां येतात; परंतु यंत्राजवळचा सांधा सुटा असलाच पाहिजे, कारण यंत्रें बिघडतात आणि बदलावीं लागतात.

१९७७ मध्यें अमेरिकेंत लाँग बीच व शिकागो या शहरांत काचेच्या तंतूंतून टेलिफोनचीं संभाषणें वाहूं लागलीं. १९७९ मध्यें पुण्यांत स्थानिक टेलिफोन केंद्रांमधील जोडणीसाठीं भारतांतील पहिली तंतुवाहिनी सुरू झाली. याच सुमारास सांध्यांच्या निरनिराळ्या जाती जन्मास आल्या. बेल प्रयोगशाळेंतील कारागिरांनीं शंकूच्या आकाराचीं दोन टोंकें एका आवरणांत दोन्ही बाजूंनीं बसविलीं. परंतु टोंक प्रत्येक वेळीं थोडें निराळें फिरून बसे, आणि त्याबरोबर प्रकाशाचें नुकसानहि कमीजास्त होई. जपानच्या एनटीटी या दूरध्वनि संस्थेनें दुसरा मार्ग धरिला. तंतु एका बारीक नळींत पक्का बसवावयाचा आणि ती नळी आट्यांच्या टोपीनें आवळावयाची. हा ‘एफसी’ सांधा. कठीण चिनी मातीच्या जातीची, अडीच मिलिमीटर व्यासाची ती नळी, म्हणजे फेरूल, पुढें बहुतेक सांध्यांचा प्राण ठरली.

एवढ्यानेंहि एक अडचण संपेना. दोन टोंकांमध्यें हवेचा पातळसा पदर राहिला, तर काचेच्या प्रत्येक मुखावरून शंभरांतील सुमारें चार भाग प्रकाश मागें उसळतो. तो लेझरांत परत शिरला म्हणजे लेझर बिथरतो. यावर उपाय निघाला तो असा कीं, टोंकें किंचित् फुगीर घासावयाचीं आणि स्प्रिंगच्या दाबानें काचेला काच भिडवावयाची, म्हणजे मध्यें हवाच उरत नाहीं. जेथें प्रकाशाचें परतणें मुळींच खपत नाहीं, तेथें टोंक आठ अंश तिरकें घासतात. मग उसळलेला प्रकाश गाभ्याबाहेर फेंकला जातो. या तिरक्या सांध्याचें आवरण हिरवें आणि सरळ सांध्याचें निळें ठेवण्याचा प्रघात आहे. हिरव्याला निळा जोडला तर फट राहते, शिवाय काचेच्या कडा दुखावतात. रंग येथें शोभेसाठीं नसून इशाऱ्यासाठीं आहे.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एटी अँड टी या कंपनीनें ‘एसटी’ सांधा पुढें आणला. संगीन जशी बंदुकीवर अडकवून पीळ देऊन बसवितात, तशीच त्याची रीति होती. त्याच दशकांत एनटीटीनें सरळ ढकलून बसणारा व ओढून निघणारा चौकोनी ‘एससी’ सांधा काढला. पीळ द्यावयाचा नसल्यामुळें बोटांना जागा कमी लागे, आणि सांधे दाटीनें मांडतां येऊं लागले. १९९० नंतरच्या दशकांत ल्यूसेंट कंपनीनें फेरूलाचा व्यास निम्म्यावर, सव्वा मिलिमीटरवर आणून ‘एलसी’ सांधा केला. त्याला टेलिफोनच्या वायरीच्या टोंकाला असते तशी खिटी दिली. २००० सालीं अनेक प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकत्र बसून प्रकाश पाठविणाऱ्या व घेणाऱ्या यंत्राचें, म्हणजे ट्रान्सीव्हरचें, ‘एसएफपी’ नांवाचें लहान रूप ठरविलें. तेव्हां त्याच्या मुखाशीं एलसी सांधाच रूढ झाला. एकमेकांचें गिऱ्हाईक पळवूं पाहणारे व्यापारी एका भोंकाच्या मापावर एकमत झाले, ही गोष्ट लहान नव्हे. तिच्यामुळेंच एका कंपनीचें यंत्र दुसऱ्या कंपनीच्या तंतूला जोडणें शक्य झालें.

मग सर्वांत उत्तम सांधा कोणता? इतिहासाचें उत्तर असें कीं, हा प्रश्नच अपुरा आहे. सांधा कोठें बसावयाचा, हें अगोदर विचारलें पाहिजे. डेटा सेंटर म्हणजे माहितीचें कोठार. तेथें हवा गार व गाळलेली, जमीन स्थिर, आणि टंचाई एकाच गोष्टीची, ती म्हणजे जागेची. म्हणून तेथें एलसीचें राज्य आहे. त्याहूनहि दाटी झाली म्हणजे एका चपट्या टोंकांत बारा तंतु ओळीनें बसविणारा ‘एमपीओ’ सांधा येतो. २०१० मध्यें संमत झालेल्या चाळीस गिगाबिटांच्या एका पद्धतींत त्यांपैकीं चार तंतु पाठविण्यास व चार घेण्यास लागतात. परंतु तेथें कोणता तंतु कोणासमोर यावा, याची गफलत झाली, तर प्रत्येक तंतु निर्दोष असूनहि संदेश पोंचत नाहीं.

कारखान्याची गोष्ट निराळी. तेथें मोठी मोटार सुरू होतांच शेजारच्या तांब्याच्या तारेंत नको ते विद्युत्-तरंग उठतात. काचेला त्यांची बाधा नाहीं, म्हणून तर प्रकाश तेथें गेला. परंतु धूळ, तेल, उष्णता आणि अखंड थरथर हे काचेचेहि शत्रु आहेत. सामान्य ट्रान्सीव्हर ० ते ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेसाठीं केलेला असतो. कारखान्यासाठीं केलेला उणे ४० पासून ८५ अंशांपर्यंत टिकतो. ज्याला कोठारांतील स्वस्त ट्रान्सीव्हर भट्टीजवळच्या पेटींत बसविण्याचा मोह होतो, त्याची काटकसर पहिल्या उन्हाळ्यांतच उघडी पडते. थरथरीच्या जागीं आट्यांनीं आवळलेला सांधा खिटीच्या सांध्यापेक्षां अधिक भरंवशाचा. धूळपाण्याच्या जागीं तोच एलसी बंदिस्त आवरणांत घालावा लागतो. जवळच्या जवळ, यंत्रापासून यंत्रापर्यंत, एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतुहि काम भागवितो. त्याचा गाभा इतका रुंद कीं थोडा वांकडा बसला तरी चालतें. खाणींत व लष्करांत तर भिंगानें प्रकाशाचा झोत रुंद करून पलीकडे नेणारे सांधे वापरतात. त्यांत नुकसान थोडें अधिक होतें, परंतु धुळीचा कण साऱ्या झोताची वाट अडवूं शकत नाहीं.

हिशेबाचीहि एक बाजू आहे. ज्या तरंगावर दहा किलोमीटरचा पल्ला सामान्यतः गांठतात, त्यावर दहा किलोमीटर तंतूंतून शंभरांतील सुमारें पंचेचाळीस भाग प्रकाश शिल्लक राहतो. अमेरिकन प्रमाणपत्रकानें एका सांध्याला दीर्घकाळ पाऊण डेसिबलपर्यंतच्या नुकसानीची सूट दिली होती. ही सूट पुरेपूर घेणारे सहा सांधे एकापुढें एक आले, तर उरतात शंभरांतील केवळ पस्तीस भाग. म्हणजे दहा किलोमीटर काचेपेक्षां सहा निकृष्ट सांधे अधिक प्रकाश गिळतात! म्हणून जाणता अभियंता वाहिनीची लांबी मोजून थांबत नाहीं. तिच्यांतील सांधेहि मोजतो, आणि अनावश्यक असेल तो गाळतो.

आणि सांधा कितीहि उत्तम असला, तरी तो स्वच्छ नसेल तर व्यर्थ. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर डोळ्याला न दिसणारा कणहि डोंगरासारखा असतो. टोपण काढलेलें टोंक बोटानें पुसलें, तर बोटाचें तेल काचेवर बसतें; न तपासतां दाबलें, तर मधला कण दोन्ही मुखांवर कायमचा ओरखडा काढतो. यासाठीं जोडण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं सूक्ष्मदर्शकानें पाहणें आणि कोरड्या, तंतु न सोडणाऱ्या पट्टीनें पुसणें, हा या कामाचा पहिला धडा आहे. मात्र वाहिनींत प्रकाश चालू असतांना टोंकांत डोकावूं नये. हा प्रकाश बहुधा अदृश्य असतो, आणि डोळ्याला इजा होऊन गेल्यावरच त्याची जाणीव होते.

कोलादोंच्या धारेपासून आजपर्यंतच्या या प्रवासांत थोर शास्त्रज्ञांचीं नांवें पुढें आहेत, आणि तीं असावींतच. परंतु त्यांची निर्मळ काच उपयोगी पडते, ती जागा ओळखून सांधा निवडणाऱ्या आणि तो पुसून बसविणाऱ्या माणसाच्या हातून. रात्रपाळीला पेटीजवळ बसलेल्या त्या कामगाराचें नांव कोठेंहि छापलें जात नाहीं. आजीचा आवाज नातवापर्यंत पोंचतो, तो त्याच्या बोटांतून.